इक्बालचाचांची विकी पळायला लागली तेव्हा

आमच्या वर्कशॉपचे किस्से मी काही जमवत बसत नाही. डिझेलचा वास ओढणीला बसतो तसे ते बसतात, आणि धुतले तरी जात नाहीत. खारघरला कॉलेजच्या मैत्रिणी भेटल्या की त्या मॅनेजर, अप्रेझल, कॅबवाला वगैरे सांगतात. मग माझी पाळी येते. मी एक सांगते, त्यावरून दुसरा आठवतो, दुसऱ्यात तिसरा अडकलेला असतो. बिल घेऊन आलेला वेटर बिल हातात धरून तिथेच उभा राहतो. "तू नोकरी करतेस की सर्कशीत आहेस?" असं माझी मैत्रीण दर वेळी विचारते.

एक आधीच सांगून टाकते. मला म्हाताऱ्या माणसांचा कंटाळा आहे. 'आमच्या वेळी' ने वाक्य सुरू झालं की माझं डोकं तापतं. 'तुम्हाला काय कळतंय' ने सुरू झालं की मी उत्तर देते, आणि मग घरी आईला फोन येतात. तरीही मी सत्तरी गाठलेल्या एका माणसाच्या हाताखाली काम करते. स्वखुशीने! कारण खाली आहे.

* * *

पनवेलला गाढी नदीकडे उतरणारा जो रस्ता आहे, त्यावर आमचं वर्कशॉप. बोटींची डिझेल इंजिनं दुरुस्त करतो. उरणकडचे नाखवे टेम्पोत इंजिन घालून आणतात. मालक इक्बालचाचा. आयुष्यातली निम्मी वर्षं त्यांनी आखातात, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्याच्या पंपांवर काढली आणि मग परत येऊन हे वर्कशॉप टाकलं.

माझ्याकडे कॉम्प्युटरची डिग्री होती आणि मुलाखतीतून परत येण्याचा दांडगा अनुभव होता. शटरवर पाटी दिसली, 'ऑफिसकामाला मुलगी पाहिजे'. मी तशीच आत घुसले. "मुलगीच कशाला? मुलगा फोन उचलू शकत नाही का?"

चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. "मुलगे ठेवून बघितले. फोन छान उचलायचे. पण नाखवे ओरडले की गप्प बसायचे. मला भांडणारी पाहिजे."

"मी भांडते."

"ते दिसलं. उद्यापासून ये!"

* * *

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला त्यांची विकी दाखवली.

विकी म्हणजे आपल्यापुरता विश्वकोश. प्रत्येक गोष्टीचं एक पान, आणि पानातला शब्द दाबला की त्या शब्दाचं पान उघडतं. आखातातल्या एका फिलिपिनो इंजिनियरने चाचांना ती एका फाइलमध्ये बांधून दिली होती. एकच फाइल, ब्राउझरमध्ये उघडते, पेनड्राइव्हवर मावते. "जो बिघाड बघशील तो लिही," असं त्याने सांगितलं, आणि या माणसाने ते इतक्या वर्षांत एकदाही चुकवलं नव्हतं.

मला वाटलं, बोटींची नावं असतील, इंजिनांचे नंबर असतील. पहिल्या पानाचं नाव होतं 'सकाळी रुसतो'. दुसरं 'धाप लागलेली'. तिसरं 'भरतीला बरा, ओहोटीला आजारी'. पुढे 'उगाच ओरडणारा'.

"चाचा, ही काय नावं आहेत? नंबर टाका ना! नीट पद्धत असते त्याला."

"नाखवा फोन करतो तेव्हा नंबर सांगतो का?"

"मग काय सांगतो?"

"तो सांगतो, चाचा, सकाळी रुसतो. मग मी कुठे बघू?"

मी 'सकाळी रुसतो' उघडलं. त्यातला 'थंडी' हा शब्द दाबला, तर थंडीत बिघडणाऱ्या सगळ्या इंजिनांचं पान आलं. तिथून 'गाळ', गाळातून एक खाडी, खाडीतून तिथलं डिझेल कुठून येतं ते. मला जेवायला हाका मारत होते आणि मी पाताळगंगेच्या मुखाशी पोचले होते! मोठ्या कंपनीत याला भारी इंग्रजी नाव देऊन तीन दिवसांचं ट्रेनिंग लावलं असतं.

डबा उघडला तेव्हा भाजी गार झाली होती. आमचे मेकॅनिक शांतारामदादा, आपटा गावचे, हसून म्हणाले, "काय तन्वीबाय, बुडालीस ना? मी म्हनून त्या डबड्याच्या जवल जात नाय!"

* * *

आता मुद्द्याचं.

गेल्या पावसाळ्यात चाचांना मेंदूचा झटका आला. हातपाय वाचले, बोलणं वाचलं. पण नावं निसटायला लागली. आत्ता काय ठरलं, कोणाचा फोन होता, आपण या खोलीत कशाला आलो, हे वाळूतल्या पाण्यासारखं जिरायचं. हात मात्र काही विसरले नाहीत. पाना हातात आला की हात आपोआप चालायचे.

त्यामुळे विकी हेच त्यांचं डोकं झालं. पण इतक्या वर्षांत ते डोकं प्रचंड फुगलं होतं. शोधायच्या चौकटीत एक अक्षर टाकलं की स्क्रीन गोठायची. दुसरं अक्षर टाकलं की पुन्हा. पान येईपर्यंत चहा सांगून, पिऊन, ग्लास धुऊन व्हायचा.

एकदा मोरा बंदरातला एक नाखवा समोर उभा. चाचांनी तीन अक्षरं टाकली. थांबले. चहा आला. चहा संपला. नाखवा म्हणाला, "चाचा, तुमचा कॉम्पुटर उठला का नाय अजून?"

शेवटी पान उघडलं. चाचांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं, माझ्याकडे वळले आणि हळूच विचारलं, "बेटा, मी काय शोधत होतो?"

नाखवा हसला नाही. मीही नाही.

त्याच आठवड्यात एका बोटीसाठी तयार केलेला पंप दुसऱ्याच बोटीला गेला. त्यांचा मुलगा आसिफभाई खारघरहून आला. तो ऑफिसात बसणारा माणूस, इस्त्रीचा शर्ट, वडिलांवर जीव, पण वर्कशॉपवर राग. "अब्बा, ही बोट समुद्रात बंद पडली असती तर? आणखी एकदा असं झालं तर मी शटर खाली ओढणार. तुम्ही घरी आराम करा."

तो गेल्यावर चाचा मला म्हणाले, "तन्वी, आराम म्हणजे काय माहीत आहे? भिंतीकडे बघत बसायचं, आणि ती कोणत्या खोलीची भिंत आहे ते आठवायचं." मग लॅपटॉपवर टिचकी मारली. "माझं डोकं गेलं ते गेलं. हे तेवढं पळतं कर."

* * *

आसिफभाईने आपल्या परीने उपाय केला. नवाकोरा लॅपटॉप घेऊन आला. "जुनं मशीन आहे, म्हणून स्लो आहे. सिंपल!"

मी म्हटलं, मशीनचा प्रश्न नाही. "तू अजून शिकते आहेस," तो म्हणाला. तोही म्हाताराच निघाला, फक्त केस काळे!

नवा लॅपटॉप दोन दिवस जरा बरा चालला. तिसऱ्या दिवशी चाचा चौकटीत अक्षर टाकून हाताची घडी घालून बसले. मी विचारलं, काय फरक पडला का?

"पडला ना. हाही थांबतो. फक्त थांबताना चकाकतो."

* * *

मग मी फाइलच्या पोटात शिरले. चाचांनी सगळे फोटो तिच्यातच घातले होते. आणि आवाज! प्रत्येक इंजिनाचा आवाज मोबाइलवर टेप करून पानात चिकटवलेला. फाइल उघडायची म्हणजे ब्राउझरला हे सगळं गाठोडं एकदम उचलावं लागायचं. मी ठरवलं, फोटो आणि आवाज बाहेर एका फोल्डरमध्ये काढायचे, पानात फक्त त्यांचा पत्ता ठेवायचा. पान मागेल तेव्हाच आवाज येईल.

ते करताना मी एकेक आवाज ऐकत होते. स्पीकर चालू होता. 'उगाच ओरडणारा' हे पान आलं. आधी चाचांचं "बिस्मिल्ला", मग इंजिनाची धडधड, आणि तिच्यावर चढलेला एक खणखणीत आवाज, "जेवायला येताय की इंजिनच खाताय? कधीपासून ताट वाढून बसलेय मी!"

नेमक्या त्याच वेळी चाची डबा घेऊन दारात. थबकल्या. "हा माझा आवाज आहे का?"

मी घाईने स्पीकर बंद केला.

त्या आत आल्या, पदर सावरून स्क्रीनसमोर वाकल्या आणि पानाचं नाव मोठ्याने वाचलं. "उगाच ओरडणारा."

शांतारामदादा टेबलाखाली काहीतरी शोधायला लागले. चाचा उभे राहिले. "अगं, इंजिनाचं आहे ते! वल्ला, शप्पथ, इंजिनाचं!"

"इंजिन तर ऐकूच येत नाही यात," चाची म्हणाल्या आणि डबा घेऊन परत निघाल्या!

डबा परत मिळवायला चाचांना नाक्यापर्यंत धावावं लागलं.

* * *

फाइल हलकी झाली. उघडायला लागली पटकन. पण शोधणं तसंच रखडत होतं. मी पाहिलं तर कितीतरी पानं कोरी. वर बोटीचं नाव आणि खाली काही नाही. मी सगळी निवडली. आता डिलीट दाबणार, तेवढ्यात चाचांनी माझं मनगट धरलं. चाचा कधी हात लावत नाहीत कोणाला.

"काय करतेस?"

"रिकामी पानं काढतेय. उगाच ओझं."

"ती रिकामी नाहीत."

"चाचा, एक अक्षर नाही त्यांच्यात!"

"पहिला बिघाड बिघाडाच्या पानावर जातो; बोटीच्या पानावर मी परत आलेलाच लिहितो. ही इंजिनं एकदा आली, नीट होऊन गेली, परत आली नाहीत. काय लिहू?" त्यांनी त्या लांबलचक यादीवरून बोट फिरवलं, जसा कोणी परीक्षेचा निकाल दाखवतो तसं. "ती ठणठणीत आहेत."

माझ्या कॉलेजात डेटाबेसच्या विषयाला मला डिस्टिंक्शन होती. कोऱ्या जागेचा असा अर्थ मला कोणी सांगितला नव्हता. मी यादी मोकळी सोडली आणि माहितीसाठी एवढंच विचारलं, "एवढी सगळी?"

चाचांनी मान ताठ केली. ते मुळीच विनम्र वगैरे नाहीत, हे इथे सांगायला हवं. "मग! इक्बालने हात लावला की परत येतंय कोण? येतात ती नाखव्यांनी बिघडवलेली."

* * *

मग मी मोजायला बसले. ब्राउझरमध्ये सोय असते, कोणत्या कामाला किती वेळ लागला ते दिसतं. आणि चोर सापडला!

प्रत्येक पानाच्या तळाशी चाचांनी एक यादी लावली होती, 'इथे कोण कोण येतं'. म्हणजे बाकीच्या कोणत्या पानांवर या पानाचं नाव आहे. चांगली कल्पना. पण ती यादी दर वेळी नव्याने बनायची, आणि ती बनवायला विकी आपली सगळीच्या सगळी पानं पहिल्यापासून वाचून काढायची. समजा तुमच्या दारात पाहुणा आला, आणि त्याला ओळखायला तुम्ही पनवेलभर घरोघर फिरून विचारलंत, याला ओळखता का? दुसरा पाहुणा आला की पुन्हा घरोघर. शोधायच्या चौकटीत तर अक्षर टाकलं रे टाकलं की जुळणारे सगळे पाहुणे आपापली यादी घेऊन एकदम दारात! पानं थोडी होती तेव्हा हे खपून गेलं. पानं वाढली, तसं फिरायला गावही वाढलं आणि पाहुणेही.

मी ओरडलेच, "सापडला!"

दादांनी मान वर केली. "मंग एवढे दिवस फोटू काय काढत होतीस? इंजान खोललंस तू, आनि कचरा टाकीत!"

त्यांच्याकडे दुर्लक्ष करून मी चाचांना सांगितलं, ही यादी काढून टाकू, विकी पळेल.

चाचांचा आवाज मी तोपर्यंत चढलेला ऐकला नव्हता. "नाही! काहीही काढ, ती नाही!"

"अहो पण त्याच्यामुळेच..."

"तन्वी." ते खुर्चीत बसले. "मी एका पानावरून निघतो. तिथून दुसरं, तिसरं, चौथं. चौथ्यावर पोचलो की निघालो कुठून ते माझ्याकडे राहत नाही. मग मी खाली बघतो. इथे कोण कोण येतं. त्यातलं एक नाव बघून वाटतं, हां, याच्याकडून आलो मी. आणि मी परत जातो." त्यांनी स्क्रीनच्या तळाशी बोट ठेवलं. "ती यादी काढलीस तर मी तिकडेच राहीन."

ही यादी त्यांनी झटका यायच्या कितीतरी वर्षं आधी लावली होती. नुसती सोय म्हणून.

मी यादी काढली नाही. तिची पद्धत बदलली. दादा संध्याकाळी नटबोल्टचे पाने आकाराप्रमाणे भिंतीवर लावून जातात, म्हणून सकाळी शोधावे लागत नाहीत. तसंच. पान लिहून झालं, सेव्ह केलं, की त्याच वेळी कोण कोणाकडे बोट दाखवतंय त्याची नोंद करून ठेवायची. उघडताना फक्त ती नोंद वाचायची, घरोघर फिरायचं नाही. शोधणंही तसंच बदललं. अक्षरागणिक धावायचं नाही, माणूस टाइप करून थांबला की मग निघायचं, आणि आधी पानांच्या नावांत बघायचं.

सांगायला चार वाक्यं. करायला माझे दोन रविवार आणि आईची बोलणी.

* * *

सोमवारी सकाळी मी लॅपटॉप चाचांपुढे ठेवला. त्यांनी 'रुस' एवढंच टाकलं आणि सवयीने हात चहाकडे नेला.

हात ग्लासापर्यंत पोचायच्या आत पान समोर!

चाचा पानाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. "शोधलं का याने?"

"शोधलं."

"सगळीकडे?"

"सगळीकडे, चाचा!"

"तौबा. इतक्या लवकर?" त्यांनी भुवया वर नेल्या. "बेटा, हे तुझ्यासारखं झालंय. न बघताच सांगतंय."

मग त्यांनी विकीची उलटतपासणी घेतली. 'धाप', 'गाळ', 'ओहोटी', चाचीचं गाव, स्वतःचं नाव. एक संपायच्या आत दुसरं. पानं येत होती, जात होती, आणि हा माणूस लहान पोर बटणं दाबतं तसा दाबत होता. शेवटी तर हसायलाच लागले. डोळे पुसले, परत दाबलं.

खरी गंमत दुपारी झाली. फोन वाजला. रेवसकडचा एक जुना नाखवा, त्याचा आवाज इतका मोठा की मला बाजूला बसून ऐकू येत होता. "चाचा, दुपारचा धूर लई सोडतो..." त्याचं वाक्य चालू असतानाच चाचांनी शोधलं, वाचलं, आणि म्हणाले, "तुझ्या मधल्या नळीला मागच्या वर्षी जोड दिलाय. तो बघ. सुटला असेल."

पलीकडून हळूच प्रश्न आला, "चाचा, तुमी बरं झालात?"

चाचांनी लॅपटॉपच्या कडेवरून हात फिरवला. "मी नाही रे. ही बरी झाली."

शांतारामदादा मात्र त्या दिवसापासून माझ्यावर नाराज आहेत. "पहिलं एका पानात एक चहा व्हायचा. आता मानसानी चहा प्यायचा कधी?"

* * *

आणि हा शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही, कारण सांगितला की मैत्रिणी म्हणतात, वाढवून सांगतेस.

विकी पळायला लागली हे आसिफभाईला फोनवर कळवलं होतं. तो म्हणाला, कॉम्प्युटर फास्ट झाला म्हणजे अब्बा फास्ट झाले का? मी स्वतः एक दिवस बसून बघतो. सुट्टी काढून तो आला आणि कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या स्टुलावर हाताची घडी घालून बसला. येतानाच मला सांगून ठेवलं, "दुपारी एक एजंट गाळा बघायला येणार आहे. अब्बांना आत्ता बोलू नकोस." त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, हे मी कबूल करते. रात्रभर झोपला नसावा.

सकाळ वाईट गेली. चाचांनी शांतारामदादांना दोनदा भलत्याच नावाने हाक मारली, पूर्वी कधीतरी कामाला असलेल्या माणसाच्या. दादांनी दोन्ही वेळा "ओ" दिली. चष्मा कपाळावर आणि चाचा तो टेबलावर शोधताहेत. मी ओरडून सांगणार, तर आसिफभाईने हातानेच मला थांबवलं. परीक्षा देणाऱ्याला मदत चालत नाही! माझा असा संताप झाला म्हणून सांगू!

फोन आले तेव्हा मात्र विकीने साथ दिली. विचारलं की उत्तर. आसिफभाई बघत होता. घडी सुटली नाही.

मग एक टेम्पो आला. उरणकडच्या एका कोळीवाड्यातला महादू नाखवा, पहिल्यांदाच आलेला. लहान होडीचं एका सिलिंडरचं इंजिन. नाखव्याचा उजवा खांदा जरा खाली पडलेला, म्हणून उतरवायला दादांनी मदत केली.

"काय होतं?" चाचांनी विचारलं.

"बारीक केला का बंद पडतो. मोठ्यावर चांगला चालतो, बारीक केला का मेला."

चाचांनी शोधलं. त्याच क्षणी स्क्रीनवर आलं, 'सापडलं नाही'. पुन्हा शोधलं, वेगळे शब्द घालून. सापडलं नाही. बोटीचं नाव घातलं. नाही.

कोपऱ्यातून आसिफभाई म्हणाला, "मग? आता काय अब्बा?" आवाज कडक नव्हता, दमलेला होता.

"आता नवीन पान," चाचा म्हणाले. मी डिझेलची नळी धरून उभी होते, माझे हात तेलाने माखलेले. "आसिफ, तू बस. मी सांगतो, तू लिही."

आसिफभाईने इकडेतिकडे पाहिलं. स्टूल लॅपटॉपजवळ ओढलं.

दादांनी हँडल मारलं. इंजिन धडधडायला लागलं. चाचांनी भिंतीवरचा लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचं टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. तेवढ्यात वरून विमान गेलं. चाचांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं, जणू विमानालाही. ते गेल्यावर डोळे मिटले.

"लिही. वेग धरणाऱ्या गव्हर्नरची स्प्रिंग थकली आहे." टोक थोडं सरकवलं. "नोझल बरा आहे. लिही, बरा आहे. हवा कुठून तरी आत घेतंय." आसिफभाई लिहीत होता, मान खाली, भराभर. चाचा अजून एका जागी टेकले. तिथे बराच वेळ राहिले. दादांनी माझ्याकडे पाहिलं, मी दादांकडे. मला वाटलं, विसरले. आता विचारणार, मी काय ऐकत होतो.

चाचांनी डोळे उघडले. "बंद कर."

दादांनी इंजिन बंद केलं.

"नाखवा, हे तू चालवत नाहीस."

महादू नाखवा दचकला. "मीच चालवतो की. मंग कोन चालवनार?"

"नाही." चाचांनी इंजिनाकडे बघूनच म्हटलं. "बाई चालवते. तरणी आहे. नवीन शिकली आहे, पण चांगली शिकली आहे."

महादू नाखव्याने माझ्याकडे पाहिलं, आसिफभाईकडे पाहिलं, उघड्या शटरकडे पाहिलं. त्याचा आवाज एकदम खाली आला.

"कोनी सांगितला तुमाला?"

"कोणी नाही."

"पोरगी हाय माजी." तो खाली बसला, पायरीवर. "नारली पुनवेपासून खांदा उचलत नाय माजा. तीच जाते खाडीत. मी नुसता म्होरं बसतो, लोकांना दिसायला. आमच्या वाड्यात कोनाला म्हायती नाय चाचा. तिच्या आयेला पन नाय म्हायती!"

माझ्या हातातली नळी कधी सुटली कळलं नाही. डिझेल चपलेवर सांडत होतं. मला टाळ्या वाजवायच्या होत्या, त्या न पाहिलेल्या पोरीसाठीही आणि समोरच्या म्हाताऱ्यासाठीही. मी शांतारामदादांकडे पाहिलं. ते बोल्ट सैल करत होते, जणू असं रोजच होतं. "दादा, कसं?" मी कुजबुजले. "मला काय इचारतेस," ते म्हणाले.

आसिफभाईची बोटं कीबोर्डवर तशीच थांबली होती.

"अब्बा, हे कसं कळलं? काय लिहू इथे?"

चाचा स्क्रूड्रायव्हर फडक्याने पुसत होते. "ते लिहिता आलं असतं, तर इतकी पानं कशाला लागली असती?"

आसिफभाईचा मोबाइल वाजला. एजंट. त्याने नाव बघितलं, फोन कट केला आणि उलटा करून ठेवला. मग उठला, शर्टाच्या बाह्या वर केल्या, वडिलांच्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि मूठ कानाला लावून इंजिनावर वाकला.

"दादा," तो म्हणाला, "परत एकदा चालू करा."